चिठ्ठी खरी, धंदा खोटा: अमेरिकेतील ओपिऑइड गोळ्यांच्या बेकायदा वितरणाचा कायदा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न येतात ते ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारं तीव्र वेदनाशामक औषध, घेणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांकडून, दवाखान्यात किंवा फार्मसीत काम करणाऱ्यांकडून, आणि बातम्या वाचून 'एवढं सगळं होईपर्यंत कायदा कुठे होता?' असं विचारणाऱ्यांकडून. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत रास्त वाटतो, म्हणून वितरक कंपन्यांबद्दल खाली जरा सविस्तर लिहिलं आहे. इथली माहिती अमेरिकेच्या संघीय कायद्याची आहे. प्रत्येक राज्याचे आणखी वेगळे नियम असतात. स्वतःवर प्रसंग आला असेल तर वकील गाठावा, हे पान त्याची जागा घेऊ शकत नाही.

औषध कायदेशीर आहे, मग त्याचं वितरण बेकायदा कसं?

१९७० साली अमेरिकेत कंट्रोल्ड सबस्टन्सेस अ‍ॅक्ट झाला. त्याची रचना समजली की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. नियंत्रित पदार्थ बनवणं, वाटणं, देणं हे सगळं या कायद्यानं मुळातच गुन्हा ठरवलं आणि मग 'अधिकृत परवानगी असेल ते सोडून' अशी वाट ठेवली. ही परवानगी म्हणजे डीईएकडची, म्हणजे ड्रग एन्फोर्समेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडची नोंदणी. ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली. कारखाना, घाऊक वितरक, फार्मसी, रुग्णालय, डॉक्टर या सर्वांना नोंदणी लागते. रुग्णाला लागत नाही, कारण त्याच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी असते.

कायद्याच्या डोळ्यांपुढे एक बंद नळी आहे. गोळी कारखान्यातून निघते आणि रुग्णाच्या हाती पडते. मधल्या प्रत्येक सांध्यावर नोंद होते आणि तिथं कोणीतरी जबाबदार माणूस बसलेला असतो. गोळी नळीतून बाहेर गळली की तिला 'डायव्हर्जन' म्हणतात. चोरी हे डायव्हर्जनच, खोटी चिठ्ठीही. आणि खऱ्या डॉक्टरनं खऱ्या कागदावर सही करून पैशासाठी दिलेली चिठ्ठी हेही डायव्हर्जनच. सगळ्यांत जास्त नुकसान या शेवटच्या प्रकारानं केलं, असं माझं मत आहे, कारण तो बाहेरून ओळखूच येत नाही.

शेड्यूल दोन, शेड्यूल तीन म्हणजे काय?

औषधाचा गैरवापर होण्याची शक्यता किती आणि वैद्यकीय उपयोग मान्य आहे की नाही, यावरून पाच गट, म्हणजे शेड्यूल, केले आहेत. हेरॉइन पहिल्या गटात, म्हणजे मान्य उपयोग नाही. ऑक्सिकोडोन, मॉर्फिन, मेथाडोन आणि औषधी फेंटॅनिल दुसऱ्यात. ब्युप्रेनॉर्फिन तिसऱ्यात, ट्रॅमाडॉल चौथ्यात, कोडीन असलेली काही खोकल्याची औषधं पाचव्यात.

गट बदलतात आणि त्याचे परिणाम मोठे असतात. हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या कितीतरी वर्षं तिसऱ्या गटात होत्या. त्यामुळे एका चिठ्ठीवर सहा महिन्यांत पाच वेळा पुन्हा औषध घेता येत असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्या दुसऱ्या गटात नेल्या. दुसऱ्या गटात 'रिफिल' नसतोच, दर वेळी नवी चिठ्ठी लागते. डॉक्टरला एकाच भेटीत पुढच्या तारखांच्या चिठ्ठ्या लिहून देता येतात, मात्र एकूण ९० दिवसांच्या औषधापुरत्याच. ट्रॅमाडॉल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियंत्रित यादीत आलं, त्याआधी ते संघीय यादीत नव्हतंच.

डॉक्टरनं लिहून दिलं म्हणजे कायदेशीरच ना?

नाही. संघीय नियमातलं एक वाक्य या सगळ्या खटल्यांच्या मुळाशी आहे. चिठ्ठी वैध ठरायला ती 'योग्य वैद्यकीय कारणासाठी' आणि 'व्यवसायाच्या नेहमीच्या चौकटीत' दिलेली असली पाहिजे. तसं नसेल तर सही, शिक्का, नोंदणी क्रमांक सगळं खरं असूनही तो कागद कायद्याच्या लेखी चिठ्ठी नसतो.

नोंदणीकृत डॉक्टरवर ड्रग विक्रेत्यासारखा खटला चालू शकतो का, हा वाद १९७५ मध्ये युनायटेड स्टेट्स विरुद्ध मूर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मिटवला. तो डॉक्टर जुजबी तपासणी करून, किंवा न करताच, मेथाडोनच्या चिठ्ठ्या देत होता आणि जितक्या जास्त गोळ्या तितकी जास्त फी घेत होता. न्यायालय म्हणालं, नोंदणी ही ढाल नाही. डॉक्टर म्हणून वागलात तरच तिचं संरक्षण मिळेल.

मग निर्णय चुकलेल्या डॉक्टरलाही तुरुंग का?

ही भीती खरी आहे. तिच्यामुळे कितीतरी चांगले डॉक्टर वेदनेचे रुग्ण घेणंच टाळतात.

२७ जून २०२२ रोजी रुआन विरुद्ध युनायटेड स्टेट्स या निकालानं इथं महत्त्वाची रेघ ओढली. चिठ्ठी वैद्यकीय चौकटीबाहेरची होती एवढं दाखवून सरकारचं भागणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. आपण परवानगीबाहेर वागत आहोत हे डॉक्टरला माहीत होतं, किंवा तसा त्याचा हेतूच होता, हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागेल. इतर डॉक्टर काय करतात त्याच्याशी तुलना करता येते, पण ती पुरावा म्हणून, त्याच्या मनात काय होतं हे दाखवण्यासाठी. चुकलेला, भाबडा, कामाच्या ओझ्याखाली दबलेला डॉक्टर यामुळे गुन्हेगार ठरत नाही. त्याच्यावर निष्काळजीपणाचा दिवाणी दावा होऊ शकतो, राज्याचं वैद्यकीय मंडळ परवान्यावर कारवाई करू शकतं, डीईए नोंदणी रद्द करण्याची नोटीस काढू शकते. तुरुंगाचा दरवाजा मात्र हेतूच्या पुराव्याशिवाय उघडत नाही. निकाल बरोबर आहे असं मला वाटतं. ज्यांना पकडायला हवं त्यांच्या मनातलं कळायला फारशी अडचण सहसा येत नाही. कारण पुढच्या उत्तरात आहे.

'पिल मिल' कशावरून ओळखतात?

'पिल मिल' म्हणजे पैशासाठी चिठ्ठ्या आणि गोळ्या वाटणारं क्लिनिक. फ्लोरिडा हे याचं ठळक उदाहरण. २०१० च्या सुमारास देशात सर्वाधिक ऑक्सिकोडोन खरेदी करणाऱ्या १०० डॉक्टरांपैकी ९० फ्लोरिडात होते. तिथं डॉक्टर स्वतःच्या क्लिनिकमधून गोळ्या विकू शकत होता आणि राज्यात चिठ्ठ्यांची एकत्रित नोंद सुरू झालेली नव्हती. केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, टेनेसीहून गाड्या भरून माणसं यायची.

तपासात पुढं येणारं चित्र बहुतेक वेळा सारखंच असतं. फी रोख, विमा चालत नाही. तपासणी दोन-चार मिनिटांची. प्रत्येक रुग्णाला तेच औषध, तीच मात्रा, आणि सोबत बेन्झोडायझेपिन (चिंता व झोपेसाठीची गोळी) व स्नायू शिथिल करणारी गोळी. एमआरआयचा अहवाल फाइलला लावलेला, पण तो कोणी वाचल्याची खूण नाही. बाहेर दूरच्या राज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या, दाराशी सुरक्षारक्षक. यातली एखादी गोष्ट कुठल्याही प्रामाणिक दवाखान्यात सापडेल. सगळ्या मिळून रोज घडत असतील तर 'मला कल्पना नव्हती' हे ज्युरीच्या गळी उतरवणं कठीण जातं.

१ जुलै २०११ पासून फ्लोरिडानं डॉक्टरांना दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातली औषधं स्वतः विकायला, मोजके अपवाद सोडून, बंदी केली. वर्षानुवर्षं उघड्यावर चाललेला व्यवहार एका साध्या नियमानं आवळता आला, हे पाहून आधी का नाही केलं असं वाटल्याशिवाय राहत नाही.

फार्मासिस्ट चिठ्ठी नाकारू शकतो का?

नाकारू शकतो, आणि काही वेळा त्याला नाकारावीच लागते. ज्या नियमात डॉक्टरची जबाबदारी सांगितली आहे, त्याच नियमात फार्मासिस्टवर 'समांतर जबाबदारी' टाकली आहे. चिठ्ठी खोटी आहे हे माहीत असताना, किंवा संशय दिसत असूनही मुद्दाम डोळे झाकून औषध दिलं, तर तोही दोषी. धोक्याची खूण दिसली की डॉक्टरला फोन करावा, रुग्णाशी बोलावं, काय कळलं ते लिहून ठेवावं. औषध चोरीला गेलं किंवा लक्षणीय प्रमाणात गहाळ झालं तर कळल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात डीईएला लेखी कळवावं लागतं.

रुग्णांना मात्र एक सांगायचं आहे. फार्मासिस्ट प्रश्न विचारतो म्हणजे तो तुम्हाला व्यसनी समजतो असं नाही. आणि फार्मासिस्टनंही हे विसरू नये की समोरच्या माणसाला कदाचित शस्त्रक्रियेनंतर घरी जाऊन पडायचं आहे.

एवढ्या गोळ्या गावागावांत जात होत्या, घाऊक वितरकांना दिसलं नाही?

वेस्ट व्हर्जिनियातल्या कर्मिट गावाची वस्ती सुमारे ४००. तिथल्या एका फार्मसीला दोन वर्षांत सुमारे ९० लाख हायड्रोकोडोन गोळ्या पोचल्या. या गोळ्या कोणी चोरून आणल्या नव्हत्या. परवानाधारक वितरकांच्या गोदामांतून, बिलं फाडून, कायदेशीर गाड्यांतून त्या आल्या.

वितरकांसाठी नियम होता, आणि तो १९७० च्या दशकापासून होता. ऑर्डर नेहमीपेक्षा मोठी असेल, नेहमीच्या पद्धतीपेक्षा फारच वेगळी असेल किंवा नको तितक्या वेळा येत असेल तर ती 'संशयास्पद' समजून डीईएला कळवायची. कळवून माल पाठवत राहायचं, असंही नाही. आधी चौकशी करायची, शंका फिटली तरच माल पाठवायचा. मास्टर्स फार्मास्युटिकल या वितरकाच्या प्रकरणात २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं डीईएची ही भूमिका उचलून धरली.

मग अडलं कुठं? मॅकेसन या वितरक कंपनीनं २००८ मध्ये १ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि सुधारणा करू असं कबूल केलं. २०१७ मध्ये तशाच आरोपांवरून तिला १५ कोटी डॉलर भरावे लागले. कार्डिनल हेल्थ या दुसऱ्या वितरकानं २००८ मध्ये ३.४ कोटी आणि २०१६ मध्ये ४.४ कोटी डॉलर भरले. आकडे मोठे दिसतात, पण या कंपन्यांची वार्षिक उलाढाल अब्जावधींची असते. दंड हा धंद्याचा एक खर्च होऊन बसला आणि कर्मिटसारख्या गावांनी त्याची किंमत माणसांनी मोजली.

उत्पादक आणि वितरकांना आपले व्यवहार आर्कोस नावाच्या डीईएच्या यंत्रणेत कळवावेच लागतात. म्हणजे कुठल्या फार्मसीला किती गोळ्या गेल्या, हे सरकारी संगणकात आधीपासून होतं. वृत्तपत्रांनी कोर्टात झगडून २०१९ मध्ये ही माहिती बाहेर काढली, तेव्हा २००६ ते २०१२ या काळातल्या ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोनच्या ७६ अब्ज गोळ्यांचा हिशेब लोकांसमोर आला. माहिती होती, ती वेळेवर कोणी विचारली नाही. या सगळ्या कहाणीत मला हे सर्वांत जास्त बोचतं.

वितरकांपैकी कोणी तुरुंगात गेलं का?

फार थोडे. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉचेस्टर ड्रग को-ऑपरेटिव्ह या वितरक कंपनीवर आणि तिच्या माजी प्रमुखावर अमली पदार्थांच्या वितरणाचाच गुन्हा दाखल झाला. वितरक कंपनीवर अशी फौजदारी कारवाई पहिल्यांदाच होत होती. कंपनीनं २ कोटी डॉलर भरले. माजी प्रमुख २०२२ मध्ये दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला २७ महिन्यांची शिक्षा झाली.

२०१६ मध्ये डीईएचे हात बांधले गेले, असं म्हणतात ते काय?

लोकांच्या आरोग्याला तातडीचा धोका असेल तर डीईए सुनावणीआधीच एखाद्याची नोंदणी थांबवू शकते. हे तिचं सर्वांत धारदार हत्यार, कारण माल त्याच दिवशी थांबतो. एप्रिल २०१६ मधल्या कायद्यानं 'तातडीचा धोका' या शब्दांची व्याख्या अरुंद केली. मृत्यू, गंभीर इजा किंवा गैरवापराचा तत्काळ धोका घडण्याची भरीव शक्यता दाखवावी लागेल, असं ठरलं. गोदामात बसलेल्या वितरकाबद्दल हे दाखवणं अवघड असतं. पुढच्या वर्षी पत्रकारांनी हे उघड केलं आणि या कायद्याचे एक पुरस्कर्ते, खासदार टॉम मरिनो, यांना राष्ट्रीय ड्रग धोरणाच्या प्रमुखपदाच्या शर्यतीतून माघार घ्यावी लागली.

ऑक्टोबर २०१८ च्या सपोर्ट अ‍ॅक्टनं काही दुरुस्ती केली. संशयास्पद ऑर्डरींसाठी मध्यवर्ती नोंद आली आणि ओपिऑइडच्या अशा ऑर्डरी न कळवणाऱ्या उत्पादक-वितरकांचा दिवाणी दंड प्रत्येक उल्लंघनामागे १ लाख डॉलरपर्यंत वाढला.

शिक्षा किती होऊ शकते?

दुसऱ्या गटातल्या औषधाच्या बेकायदा वितरणाला पहिल्या गुन्ह्यात २० वर्षांपर्यंत कैद आणि व्यक्तीला १० लाख डॉलरपर्यंत दंड. त्या औषधामुळे कोणाचा मृत्यू झाला तर किमान २० वर्षं, कमाल जन्मठेप. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या बरेज निकालानुसार 'ते औषध नसतं तर मृत्यू झाला नसता' हे सिद्ध व्हावं लागतं. शरीरात इतर पदार्थांसोबत तेही सापडलं, एवढं पुरत नाही. तिसऱ्या गटासाठी कमाल १० वर्षं, चौथ्यासाठी ५. कट रचला तरी मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. फसवणुकीनं किंवा खोट्या चिठ्ठीनं औषध मिळवलं तर ४ वर्षांपर्यंत.

औषध बनवणाऱ्या कंपन्यांवर कोणत्या कायद्यानं कारवाई झाली?

एका कायद्यानं नाही. पर्ड्यू फार्माशी संलग्न कंपनीनं २००७ मध्ये ऑक्सिकॉन्टिन या ऑक्सिकोडोनच्या गोळीबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, तो औषधांच्या लेबलसंबंधीच्या कायद्याखाली. २०२० मध्ये पर्ड्यूनं पुन्हा तीन गंभीर गुन्हे कबूल केले, त्यांत डॉक्टरांना लाच देण्यासंबंधीचे आरोपही होते. इन्सिस कंपनीनं फेंटॅनिलचा फवारा लिहून देण्यासाठी डॉक्टरांना भाषणांच्या मानधनाच्या नावाखाली पैसे चारले. तिच्या संस्थापकाला संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली २०१९ मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि पुढच्या जानेवारीत साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.

राज्यं, काउंटी आणि शहरांनी दिवाणी दावे लावले. तीन मोठे वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याशी मिळून सुमारे २६ अब्ज डॉलरची तडजोड २०२१-२२ मध्ये ठरली. पर्ड्यूच्या दिवाळखोरीत मालक सॅक्लर कुटुंबाला दाव्यांपासून कायमचं अभय देणारी योजना सर्वोच्च न्यायालयानं २७ जून २०२४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली.

ऑनलाइन गोळ्या मागवता येतात?

रायन हेट हा कॅलिफोर्नियातला मुलगा २००१ मध्ये, १८ व्या वर्षी गेला. त्यानं हायड्रोकोडोन इंटरनेटवरून मागवलं होतं आणि ज्या डॉक्टरनं ते लिहून दिलं त्यानं त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला. नियंत्रित औषध इंटरनेटवरून द्यायचं तर डॉक्टरनं रुग्णाला निदान एकदा समोरासमोर तपासलेलं हवं. टेलिमेडिसिनसाठी काही अपवाद त्यातच आहेत, आणि कोविडच्या काळात दिलेली मोठी सूट पुढे वारंवार वाढवली गेली. कुठलीही चिठ्ठी न मागता ऑक्सिकोडोन घरपोच देणारी वेबसाइट मात्र बेकायदाच. तिथून आलेल्या गोळीत फेंटॅनिल असण्याचा धोका वेगळा, आणि फेंटॅनिलचे दोन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात.

मैत्रिणीची पाठ दुखत होती, मी माझ्या दोन गोळ्या दिल्या. हाही गुन्हा?

कायद्याच्या भाषेत हो. 'वितरण' म्हणायला पैसे घ्यावेच लागतात असं नाही, हातात देणंही पुरतं. चिठ्ठीशिवाय बाळगणं हा मैत्रिणीचा वेगळा गुन्हा, त्याला पहिल्या वेळी वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. संघीय वकील अशा दोन गोळ्यांच्या मागे सहसा लागत नाहीत. पण त्या दोन गोळ्यांनी तिचा श्वास मंदावला तर? देऊ नका.

या कारवायांत खऱ्या वेदनेच्या रुग्णाचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज बहुतेक वेळा दबलेला असतो.

सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनइतक्या मात्रेच्या वर जाणं टाळा, असं त्यांत होतं. त्या सूचना होत्या, कायदा नव्हता. पण विमा कंपन्या, फार्मसीच्या साखळ्या आणि काही राज्यांनी त्यांची भिंत केली. वर्षानुवर्षं स्थिर मात्रेवर असलेल्या रुग्णांचं औषध एकाएकी तोडलं गेलं. असं तोडल्यानं तीव्र त्रास आणि आत्महत्येचाही धोका संभवतो, असा इशारा २०१९ मध्ये एफडीए या औषध नियामक संस्थेला द्यावा लागला. २०२२ मध्ये सीडीसीनं सूचना सुधारल्या आणि हे आकडे कठोर मर्यादा म्हणून वापरू नयेत, असं स्पष्ट म्हटलं.

संघीय कायद्यात रुग्णाला जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम द्यावं याचा आकडा नाही. योग्य वैद्यकीय कारण, तपासणी आणि नीट ठेवलेल्या नोंदी असतील तर मोठी मात्रा आपोआप गुन्हा होत नाही. डॉक्टर 'डीईए परवानगी देत नाही' म्हणत असेल तर नेमका कोणता नियम, हे शांतपणे विचारा. मात्रा कमी करायचीच असेल तर ती हळूहळू, लेखी योजनेनं करायला सांगा.

माझी चिठ्ठी कोणत्या यादीत जाते?

राज्याच्या पीडीएमपी, म्हणजे नियंत्रित औषधांच्या चिठ्ठ्यांच्या, नोंदवहीत. नियंत्रित औषध कोणी लिहिलं, कुठून घेतलं, किती घेतलं हे त्यात असतं. सगळ्यांत शेवटी, २०२१ मध्ये, मिझुरीनं असा कायदा केला. पोलिसांना ती कशी बघता येते, वॉरंट लागतं की नाही, हे राज्यागणिक बदलतं.

व्यसनावरचं औषध देणाऱ्या डॉक्टरला खास परवाना लागतो का?

ब्युप्रेनॉर्फिनसाठी आता लागत नाही. डिसेंबर २०२२ मधल्या कायद्यानं जुनी वेगळी अट काढून टाकली. तिसऱ्या गटाची औषधं लिहिण्याची डीईए नोंदणी असलेला डॉक्टर ते लिहू शकतो. व्यसनमुक्तीसाठी मेथाडोन मात्र मान्यताप्राप्त केंद्रातूनच मिळतं.

घरात उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

ठेवू नका. २०१० च्या कायद्यामुळे रुग्ण, किंवा रुग्ण वारल्यावर घरचे, अधिकृत संकलन पेटीत त्या टाकू शकतात. अनेक फार्मसी, रुग्णालयं आणि पोलिस ठाण्यांत अशा पेट्या असतात, आणि डीईए एप्रिल व ऑक्टोबरमध्ये गोळ्या परत घेण्याचा दिवस ठेवते. जवळ काहीच सोय नसेल तर एफडीएच्या यादीतली काही धोकादायक ओपिऑइड शौचालयात टाकून पाणी सोडायला परवानगी आहे. आणि पुढच्या वेळी एवढ्या गोळ्या घरी आणायच्याच नसतील, तर २०१६ पासून दुसऱ्या गटाची चिठ्ठी अर्धवट भरून घेता येते. आज दहा गोळ्या घ्या. दुखणं राहिलंच तर उरलेल्या, चिठ्ठी लिहिल्यापासून ३० दिवसांच्या आत. राज्याची आडकाठी नसेल तर फार्मासिस्टला एवढं सांगितलं की होतं.